आणखी एक जीव आत घेण्याआधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पाच जणांनी मिळून सुरू केलेलं भटक्या कुत्र्या-मांजरांना वाचवायचं काम तीन वर्षांत तुम्हा तिघांवर येऊन पडलंय. दोघं भांडून गेले. घरात आणि मागच्या अंगणात मिळून १९ जीव आहेत, ११ कुत्री आणि ८ मांजरं. तिघंही नोकरी सांभाळून हे करताय. डॉक्टरांचं पाच महिन्यांचं बिल थकलंय. मागच्या आठवड्यात एका रात्री गाडीखाली आलेल्या मांजरासाठी फोन आला, तो तुम्ही उचलला नाही, आणि सकाळी कळलं की ते गेलं. आता विचारताय की काम बंद करावं का, आणि नाही केलं तर चालवायचं कसं.

मांजराचं शेवटी बोलू. आधी बाकीचं.

काम बंद करू नका. पण आजपासून आठ आठवडे नवीन प्राणी आत घेणं पूर्ण थांबवा. फोन घ्या, सल्ला द्या, दवाखान्याचा रस्ता दाखवा, पण तुमच्या दारातून आत कुणीही येणार नाही. हे ऐकायला क्रूर वाटेल. मलाही पहिल्यांदा कुणी सांगितलं तेव्हा राग आला होता.

बावीस वर्षांत माझ्या आजूबाजूला असे कितीतरी छोटे गट उभे राहिलेले आणि मोडलेले पाहिले. पैसा सगळ्यांनाच कमी पडतो, तो कुणाला कधी पुरला नाही. पण नुसत्या पैशावाचून मोडलेला गट मला आठवत नाही. ‘एवढा एकच घेऊ’ या वाक्यानं मोडलेले मात्र बरेच आठवतात. ते वाक्य दर वेळी खरंच वाटतं. समोर जखमी जीव असतो, आपल्याला करता येण्यासारखं असतं, आणि एकानं असा काय फरक पडणार? फरक आधीच आत असलेल्यांना पडतो. कुणाचा तरी खोकला दोन दिवस उशिरा लक्षात येतो, कुणाची पट्टी बदलायची राहते, कुणी आठवडाभर अंगणाबाहेर पडलेलं नसतं. ते तक्रार करत नाहीत, म्हणून आपल्याला दिसत नाही.

तुमचा खरा आकडा किती, तो आधी काढा. बहुतेक जण जागा मोजतात, किती पिंजरे, किती खोल्या. मोजायचे ते हात आणि तास. अमेरिकेतल्या नॅशनल अ‍ॅनिमल केअर अँड कंट्रोल असोसिएशननं निवाऱ्यांसाठी एक साधा हिशेब दिलेला आहे: दर प्राण्यामागे रोज किमान १५ मिनिटं, त्यातली ९ साफसफाईची आणि ६ खाणं-पाणी करण्याची. तुमचे १९ जीव धरले तर २८५ मिनिटं, म्हणजे पावणेपाच तास. यात फिरवणं नाही, औषध देणं नाही, दवाखान्याची फेरी नाही, दत्तक मागणाऱ्यांशी बोलणं नाही. घाबरलेल्या मांजराजवळ नुसतं बसून राहणं तर नाहीच.

तुम्ही तिघं नोकरी करून प्रत्येकी रोज दीड तास देता असं धरू. एकूण साडेचार तास, २७० मिनिटं. म्हणजे नुसती झाडलोट आणि जेवणं एवढ्यालाच तुमचा वेळ पुरत नाहीये, बाकी सगळं तुम्ही झोपेतून काढताय. या २७० मधली ९० मिनिटं औषधं, फेऱ्या आणि फोन यांना बाजूला ठेवली तर १८० उरतात. भागिले १५. तुमचा आकडा १२ आहे.

हा १२ एका पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावा. आमच्याकडे अशी पाटी आहे, पांढरी, पुसता येणारी. वर आकडा, खाली प्रत्येकाचं नाव, आत आल्याची तारीख, लशीची पुढची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात ‘जायला काय अडलंय’ एवढंच. हा शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. नसबंदी राहिली, फोटो काढले नाहीत, पायाचं एक्स-रे बघायचंय, कुणी फोन केला होता त्याला उलट फोन केला नाही. दर रविवारी आम्ही पाटीसमोर उभं राहून तो रकाना वाचतो आणि प्रत्येक ओळीपुढे कुणाचं तरी नाव घालतो.

या रकान्यावर मी इतकी अडून का बसते, तेही सांगते. बारा जागा वर्षभर वापरल्या तर ४,३८० दिवस होतात. एक प्राणी सरासरी ६० दिवस तुमच्याकडे राहत असेल तर वर्षात ७३ जणांना घर मिळेल. तोच मुक्काम ४५ दिवसांवर आणला तर ९७ जणांना. एकही पिंजरा न वाढवता चोवीस जीव जास्त. उलट बारापैकी दोन जागा कायमच्या अडल्या की ७३ चे ६० होतात. आपण जागा वाढवायच्या मागे लागतो, आणि मुक्काम कमी करणं राहून जातं.

मुक्काम लांबतो तो बहुतेक वेळा आपल्यामुळे. फोटो पहिल्या आठवड्यात निघायला हवेत, जखमेचे वेगळे आणि जखम भरल्यावरचे वेगळे. दत्तक मागणाऱ्याला त्याच दिवशी उत्तर जायला हवं, कारण तीन दिवसांनी त्यानं दुसरीकडून पिल्लू आणलेलं असतं. आणि आमच्यासारख्या जुन्या लोकांची एक खोड आहे, ती तुमच्यात असेल तर सोडा: परिपूर्ण घराची वाट बघत बसणं. चार पानी फॉर्म, भाड्याचं घर नको, लहान मूल नको, एकटा माणूस नको. मीही कित्येक वर्षं हे केलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी केवळ वयामुळे कुत्री नाकारली. ती पुढे चौदा महिने माझ्याकडे पिंजऱ्यात राहिली. ते गृहस्थ रोज संध्याकाळी कुत्रा नसतानाही त्याच वेळी फिरायला निघत, हे मला नंतर कळलं. आता मी अर्धा तास मोकळेपणानं बोलते, घर बघते, आणि एकच गोष्ट लिहून घेते: काहीही कारणानं नाही जमलं तर प्राणी माझ्याकडेच परत यायचा, आणि त्याबद्दल मी एक शब्दही बोलणार नाही. परत आणणाऱ्याला आपण ओरडलो की पुढचा माणूस परत आणत नाही, तो रस्त्यावर सोडून देतो. नव्या घरात प्राण्याचे पहिले तीन-चार दिवस गोंधळाचेच जातात, खाणं कमी होतं, मांजर तर पलंगाखालून बाहेर येत नाही. हे आधी सांगून ठेवलं आणि चौथ्या दिवशी आपण स्वतः फोन केला की प्राणी परत येणं निम्म्यानं टळतं, असा माझा अनुभव आहे. मांजरानं लागोपाठ दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर मात्र वाट बघायची नाही. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि त्यातून ते दगावू शकतं.

नसबंदी करूनच द्यायचं, ‘नंतर करून घेऊ’ यावर द्यायचं नाही. मांजरी चार महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, सुमारे नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. तुम्ही दिलेल्या मांजरीचीच नातवंडं दीड वर्षात पेटीतून तुमच्या दाराशी येतात. मी आलेली पाहिली आहेत.

आता, आठ आठवडे दार बंद म्हटलं त्यामागे एक जुनी गोष्ट आहे.

काम सुरू करून मला सात वर्षं झाली होती. पावसाची रात्र, साडेदहाची वेळ, एक मुलगा खोक्यात पाच पिल्लं घेऊन दारात उभा. दोन महिन्यांची असतील, भिजलेली, एकमेकांवर चढून बसलेली. माझ्याकडे आधीच चार पिल्लं होती, पहिली लस झालेली, दुसरी व्हायची होती. त्यातल्या दोघांना घरं ठरली होती. वेगळी खोली नव्हती. म्हटलं, एक रात्र राहू देत त्यांच्याच कुंपणात, सकाळी काहीतरी करू. सकाळी काही झालं नाही, कारण सकाळी मला कामावर जायचं होतं.

पाचव्या दिवशी नव्यांतलं एक पिल्लू पाण्याच्या भांड्याजवळ उभं होतं. पीत नव्हतं. हनुवटी भांड्याच्या काठावर टेकवून नुसतं पाण्याकडे बघत होतं. तहान लागलीय आणि पोटात जात नाहीये, असं ते उभं राहणं. ते दृश्य आजही दिसलं तर मी हातातलं सगळं टाकून धावते. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, पहाटे रक्ताचे जुलाब आणि तो वास, जो एकदा घेतला की विसरत नाही. पार्व्हो, कुत्र्याच्या पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. नवांपैकी तीन वाचली. ज्या दोघांना घरं ठरली होती, ती गेली. त्यातल्या एका घरच्या छोट्या मुलीनं पिल्लासाठी नाव शोधून ठेवलं होतं. तो फोन मला करावा लागला.

तेव्हा मला काय माहीत नव्हतं ते लिहिते, तुम्हाला त्याची किंमत मोजावी लागू नये म्हणून. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात, कधी १४ सुद्धा, आणि पिल्लू आजारी दिसायच्या आधीपासूनच विषाणू बाहेर टाकत असतं. म्हणून ‘छान खेळतंय की’ याला काही अर्थ नाही. नवीन पिल्लाला पूर्ण १४ दिवस वेगळं ठेवायचं, वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी, वेगळे कपडे, दाराशी वेगळ्या चपला. पार्व्होचा विषाणू सावलीतल्या मातीत वर्षभरही टिकतो. स्पिरिट किंवा हात स्वच्छ करायचं जेल त्याला मारत नाही. फिनेलचाही भरवसा नाही, आणि मांजरांना तर फिनेल विषारीच. आधी घाण धुऊन काढायची, मग साधारण ५ टक्क्यांचं घरगुती ब्लीच, १ भाग ब्लीचला ३२ भाग पाणी, आणि फरशी १० मिनिटं ओली राहू द्यायची. माती धुता येत नाही. त्या अंगणात आम्ही वर्षभर एकही पिल्लू ठेवलं नाही.

लस आत आल्या दिवशीच. एका लशीनं पिल्लू सुरक्षित होत नाही, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लशीला निकामी करते आणि ती नेमकी कधी ओसरेल ते पिल्लागणिक बदलतं. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी, किमान १६ आठवड्यांचं होईपर्यंत परत परत द्यावी लागते. मांजरांमध्ये याच घराण्यातला पॅनल्यूकोपेनिया असतो, त्याला हेच नियम. रोजच्या कामाचाही क्रम ठरलेला असावा: आधी निरोगी लहान पिल्लं, मग निरोगी मोठे, मग नवीन आलेले, सगळ्यात शेवटी आजारी. या क्रमात कधी उलट जायचं नाही, कितीही घाई असली तरी. आमच्याकडे नवीन स्वयंसेवकाला पहिल्या दिवशी हेच शिकवतो, कुरवाळणं दुसऱ्या दिवसापासून.

तुमच्या १९ जणांमध्ये वेगळी खोली उरलीय का? तुम्ही लिहिलं नाही, पण मला अंदाज आहे. ती खोली आधी मोकळी व्हायला हवी. ती मोकळी होईपर्यंत आलेला प्रत्येक नवा जीव म्हणजे आतल्या सगळ्यांवर लावलेली पैज.

आता फोन. ‘नाही’ म्हणणं शिकावं लागतं, आणि ते शिकवण्यासारखं आहे. नुसतं ‘जागा नाही’ म्हटलं की समोरचा भडकतो, ‘मग संस्था कशाला काढलीत?’ म्हणतो. हे मी शेकडो वेळा ऐकलंय आणि अजूनही लागतं. मी असं बोलते: “तुम्ही थांबलात, फोन केलात, हे फार मोठं आहे. मी आत्ता त्याला घेऊ शकत नाही. पण तुम्ही दोन दिवस ठेवू शकलात तर मी रोज फोनवर तुमच्याबरोबर आहे. आधी सांगा, श्वास कसा घेतोय?” फोन करणाऱ्या बहुतेकांना जबाबदारी झटकायची नसते. काय करायचं ते कळत नाही, म्हणून ते घाबरलेले असतात. काय करायचं ते सांगितलं की बरेच जण करतात. त्यांतले काही पुढे माझे सगळ्यात चांगले फॉस्टर झाले, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत प्राणी आपल्या घरी सांभाळणारे.

मांजरीच्या पिल्लांचे फोन तर सरळ असेच सोडवता येतात. पिल्लं शांत, स्वच्छ आणि पोटानं गोल असतील तर आई जवळच असते, ती अन्न शोधायला तासन्‌तास जाते. उचलू नका म्हणून सांगायचं. शंका असेल तर पिल्लांभोवती पिठाची बारीक रेघ ओढायला सांगायचं आणि काही तासांनी पावलं उमटलीत का बघायला. आई खरंच आली नाही तर आधी ऊब, मग दूध. थंड पडलेल्या पिल्लाच्या आतड्यांचं काम थांबलेलं असतं, शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली असताना पाजलं तर दूध पचत नाही, उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. गाईचं दूध नाही, मांजरीच्या पिल्लांसाठी मिळणारं दूधच. पालथं ठेवून पाजायचं, माणसाच्या बाळासारखं उताणं नाही. दर दोन-तीन तासांनी, आणि प्रत्येक वेळी नंतर ओल्या कापसानं हळूच पुसून लघवी करून घ्यायची, कारण इतकं लहान पिल्लू ते आपणहून करत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन. दिवसाला साधारण १० ग्रॅम वाढत असेल तर बरं चाललंय. एका दिवशी वाढलं नाही तर त्याच दिवशी डॉक्टर. हे सगळं एका कागदावर लिहून त्याचा फोटो तयार ठेवा आणि फोन आला की पाठवा.

दाराशी खोकं ठेवून कुणी पळून गेलं तर? तर घ्यावंच लागतं, त्याला इलाज नाही. त्यासाठी तुमच्या कुणाच्यातरी घरातली, प्राणी नसलेल्या घरातली, एक न्हाणी किंवा बाल्कनी आधीच ठरवून ठेवा. ऐन वेळी ठरवायला गेलात की माझ्यासारखं होतं.

माणसांचं सांगायचं राहिलं, आणि खरं तर तेच सगळ्यात नाजूक आहे. ते दोघं कशावरून भांडले ते तुम्ही लिहिलेलं नाही. बहुतेक ठिकाणी भांडण एकाच गोष्टीवरून होतं: एक जण ‘आता पुरे’ म्हणतो आणि दुसरा रात्री गुपचूप एक घेऊन येतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि दोघांचाही विश्वास उडतो. यावर आम्ही काढलेला तोडगा असा: कुठलाही प्राणी आत घ्यायचा तर दोघांचा होकार हवा, आणि त्या दोघांतला एक त्या प्राण्याची रोजची जबाबदारी घेणारा असला पाहिजे. ‘आपण घेऊ’ यातला ‘आपण’ म्हणजे कोण, हे आधीच ठरतं. गेलेल्या दोघांना एकदा भेटा. परत या म्हणू नका. महिन्यातून दोनदा दवाखान्याची फेरी कराल का, एवढंच विचारा. काम सोडलेल्या माणसाचं प्राण्यांवरचं प्रेम सुटलेलं नसतं. त्याला फक्त सगळं डोक्यावर घ्यायचं नसतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ चार्ल्स फिग्ली यांनी १९९० च्या दशकात ज्याबद्दल सविस्तर लिहिलं, ती कम्पॅशन फटीग, म्हणजे सतत दुसऱ्याच्या वेदनेजवळ राहून आपली होणारी झीज, तुमच्या पत्रातल्या ओळीओळीत दिसतेय. फोन वाजला की पोटात गोळा येणं. प्राण्याला हात लावताना काहीच न वाटणं. प्राण्यांना रस्त्यावर सोडणाऱ्या सगळ्या माणसांचा राग, मग हळूहळू सगळ्याच माणसांचा राग. हे स्वभाव बिघडल्याचं लक्षण नाही, विश्रांती न मिळाल्याचं आहे. गटाचा फोन वेगळा ठेवा, तुमचा खासगी नंबर कुठेही नको. तो फोन तिघांत आठवड्यानं फिरू दे. आठवड्यातला एक पूर्ण दिवस प्रत्येकाचा प्राण्यांशिवायचा असू दे, स्वतःचे पाळीव सोडून. मला हे जमायला दहा वर्षं लागली, आणि त्या दहा वर्षांत मी माझ्या बहिणीच्या एकाही आजारपणात तिच्याजवळ नव्हते. त्याची भरपाई होत नाही.

एक गोष्ट मात्र विश्रांतीवर सोडू नका. तुमच्यापैकी प्रत्येकाची रेबीजची आगाऊ लस झालेली हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ पासूनच्या शिफारशीप्रमाणे दोन डोस, पहिल्यानंतर सात दिवसांनी दुसरा. तरीही चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. चावलेल्या कुत्र्या-मांजरावर १० दिवस लक्ष ठेवतात, पण त्या दहा दिवसांची वाट बघत उपचार लांबवायचे नाहीत. लक्षणं सुरू झाल्यावर रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. ‘ओळखीचंच कुत्रं आहे’ म्हणून हसून सोडणारे चांगले चांगले स्वयंसेवक मी पाहिलेत. त्यांना मी हात धरून दवाखान्यात नेते.

पैशाचं थोडक्यात. डॉक्टरांना तोंड चुकवू नका, जाऊन भेटा, किती देणं आहे ते दोघांनी एका कागदावर लिहा आणि दरमहा किती देऊ ते ठरवा. ठरलेली रक्कम लहान असली तरी चालेल, चुकता कामा नये. पाच महिने न दिसणाऱ्या माणसापेक्षा दर एक तारखेला थोडं देणारा माणूस डॉक्टरांना परवडतो. गटाचं खातं घरच्या खात्यापासून वेगळं. जमा-खर्च दर महिन्याला लोकांसमोर ठेवायचा, अगदी सगळा. एका प्राण्याच्या ऑपरेशनसाठी मागितलेले पैसे उरले तर ते कुठे गेले ते आपणहून सांगायचं. मदत मागताना जखमेचे भयंकर फोटो टाकून एकदम मोठी रक्कम येते खरी, पण महिन्याला ठरावीक थोडं देणारी तीस-चाळीस माणसं जोडलीत तर झोप येते. ती माणसं बऱ्या झालेल्या प्राण्यांच्या गोष्टी वाचून टिकतात.

आणि आता जे लिहायला जड जातं ते. १९ वरून १२ वर यायचं तर काही घरी जातील, काही फॉस्टरकडे, पण दोन-तीन असे असतील जे कुठेच जाणार नाहीत. त्यातला एखादा खूप दुखण्यात असेल. तुम्हाला ते कोण ते माहीत आहे, मला नको सांगायला.

माझ्याकडे मागचे पाय गेलेला एक कुत्रा होता. अडीच वर्षं मी त्याची कूस दिवसातून पाच वेळा बदलली. शेवटचे काही महिने जखमा भरत नव्हत्या, आणि मी मात्र त्याचं शेपूट हललेलं मोजत होते. डॉक्टरांनी मला भिंतीवरचं कॅलेंडर दिलं आणि म्हणाले, चांगल्या दिवसावर हिरवी टिकली, वाईटावर लाल, आणि रोज रात्री दुसऱ्या कुणीतरी करायची, तुम्ही नाही. महिनाअखेर मी त्या कागदाकडे बघू शकले नाही. पशुवैद्यक अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी अशाच निर्णयासाठी एक मोजपट्टी केलेली आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सात गोष्टींना ० ते १० गुण. बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणं सुसह्य मानतात. गुण देणाऱ्यांत डॉक्टर असावेत आणि त्या प्राण्यात सगळ्यात कमी गुंतलेला माणूस असावा. कायमचं झोपवायचा निर्णय झाला तर शेवटपर्यंत कुणीतरी ओळखीच्या माणसानं त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसायचं. हे काम आळीपाळीनं करायचं, एकावरच टाकायचं नाही.

दुसऱ्या टोकाचीही भीती बाळगा. १९९९ मध्ये गॅरी पॅट्रोनेक या अमेरिकी पशुवैद्यकानं प्राणी साठवून ठेवणाऱ्या माणसांचा अभ्यास मांडला. खूप प्राणी, त्यांना किमान अन्न, स्वच्छता आणि उपचार देता न येणं, आणि त्यांची हालत बिघडतेय हे दिसूनही काही न करणं, अशी त्यांची व्याख्या आहे. अशा माणसांतला एक मोठा गट ‘वाचवणाऱ्यां’चाच असतो, आपल्याइतकं दुसरं कुणी सांभाळणार नाही असं खरंच वाटणाऱ्यांचा. मी अशा एका घरात गेलेय. ती बाई माझ्यापेक्षा जास्त प्रेमळ होती. तिच्या खोलीत शिरल्यावर डोळ्यांतून पाणी आलं ते अमोनियामुळे. तिनं पहिली पाच वर्षं उत्तम काम केलं होतं. तुम्ही तिथे नाही आहात, कारण तुम्ही आकडा लिहिलात आणि मदत मागितलीत. म्हणूनच आठ आठवडे म्हटलं.

आता ते मांजर. तुम्ही लिहिलंय की फोन वाजताना तुम्ही बघितला होता, आणि पालथा घातलात. गाडीखाली आलेल्या मांजराला अनेकदा छातीत किंवा पोटात मार असतो, कधी डायफ्रॅम, म्हणजे छाती आणि पोट यांमधला पडदा, फाटलेला असतो, कधी आत रक्तस्राव चालू असतो. अशाला रात्री ऑक्सिजन, सलाईन आणि उघडा असलेला दवाखाना लागतो, यातलं तुमच्या घरी काहीच नाही. तुम्ही गेला असतात तरी ते वाचलं असतं का, हे मी सांगू शकत नाही, तुम्हीही नाही. पण फोन करणाऱ्याला तेव्हा जे कळायला हवं होतं, ते तुम्ही झोपलेले असतानाही कळू शकतं. रात्रीच्या फोनसाठी एक मिनिटाचा आवाज भरून ठेवा. आमच्या फोनवर असा आहे: “प्राण्याला उशीच्या खोळीत किंवा टॉवेलात हळूच सरकवून, हवा जाईल अशा अंधाऱ्या खोक्यात ठेवा. तोंडात पाणी, दूध, औषध काही घालू नका. माणसाची वेदनेची गोळी तर अजिबात नाही, पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला मारते. ऊब द्या, आवाज करू नका. तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल तर सकाळची वाट बघू नका, रात्री उघडा असलेला दवाखाना हा.” आणि पुढे पत्ता.

तो आवाज आमच्यातल्या सगळ्यात शांत बोलणाऱ्या मुलीचा आहे. तुमच्या तिघांत कुणाचा आवाज घाबरलेल्या माणसाला धीर देईल ते बघा, त्याच्याकडून आज संध्याकाळीच भरून घ्या. आणि या आठवड्याचा फोन दुसऱ्या कुणाकडे तरी द्या.